ओट्यावरचे डबे

गुरुवार, 14 मे 2020. सकाळचे सात वाजलेत. भोरच्या चौपाटीवर आडव्या बांधलेल्या बांबूंच्या फटीतून मी मोटरसायकल काढतोय आणि होमगार्डचा पोरगा पास मागतोय. पूर्वी भोरला होतो तेव्हाचा माझाच विद्यार्थी. पास तो वाचत नाही, शिक्का गोल आहे एवढं बघून घेतो आणि म्हणतो, "गुरुजी, मास्क नाकावर घ्या." सातवीत असताना मी याला रोज शर्टाची वरची बटणं लावायला सांगायचो. फिटली म्हणायची.

खिशात दोन आदेश आहेत. एक रेशन दुकानावर देखरेखीचा, दुसरा शाळेतल्या विलगीकरण कक्षाचा. दोन्हींच्या माथ्यावर संदर्भ म्हणून साथरोग प्रतिबंधक कायदा, 1897. हा कायदा मुंबई-पुण्याच्या प्लेगमुळे आला आणि त्याच वर्षी 22 जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. मुलांना मी हे दर वर्षी शिकवतो, साल पाठ करून घेतो. त्या कायद्याचा आदेश एक दिवस माझ्या खिशात, पंक्चरच्या पावतीशेजारी घडी होऊन बसेल, असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

कापूरहोळला हायवे लागतो. एरवी इथं रस्ता ओलांडायचा म्हणजे देवाचं नाव घ्यावं लागतं. आज दुभाजकापाशी एक कुत्रं ऐसपैस झोपलंय आणि त्याला उठवणारं कुणी नाही. ढाब्यांच्या पाट्यांना प्लास्टिकचे कागद गुंडाळलेत. मिसळीच्या एका हॉटेलाच्या दारात मालक खुर्ची टाकून बसलाय, बहुधा सवयीनं. दक्षिणेकडं थोड्या अंतरावर सारोळ्याला नीरेचा पूल आहे; पलीकडं सातारा जिल्हा, म्हणजे आपलं शिरवळ. भोरची कितीतरी पोरं शिरवळच्या कारखान्यांत ठेकेदाराकडं जातात. शिरवळ दुसऱ्या जिल्ह्यात आहे हे त्यांना पुलावर पोलीस उभे राहिल्यावर कळलं.

मी उलट दिशेला, पुण्याच्या बाजूला वळतो. चेलाडी फाट्यावरून नसरापूर आणि तिथून आत वेल्ह्याचा रस्ता. फाट्याच्या अलीकडं झाडाखाली दोन बायका करवंदांच्या पाट्या घेऊन बसल्यात. समोर पानांचे द्रोण भरून मांडलेत, घ्यायला चिटपाखरू नाही. राजगड-तोरणा उतरून येणारी पुण्याची पोरं म्हणजे यांचं मे महिन्याचं गिऱ्हाईक. गड बंद, पोरं घरात.

"कसे दिले?"

"द्या काय द्यायचं ते," थोरली म्हणते. मग पोलिसाची गाडी येतेय का बघून, पदर तोंडावर ओढून हळूच, "यंदा करवंदं बी लई आन् तोडाया मानसं बी लई. खानारंच तेवढं न्हाय बगा."

तोडायला माणसं लई. ही माणसं कुठून आली, ते पुढं दिसणारच आहे.

आंबवणे मागं पडतं. पुढं एका दूध संकलन केंद्राबाहेर किटल्यांची रांग, माणसं मात्र लांब सावलीत. माणसांनी आपल्या जागी किटल्या उभ्या केल्यात. अंतर राखायची ही युक्ती कुठल्याही आदेशात नाही. मार्चच्या आधी गाईच्या दुधाला लिटरला तीस रुपयांच्या आसपास मिळत होते. आज चिठ्ठीवर अठरा पडतायत. सरकारनं रोज 10 लाख लिटर दूध 25 रुपयांनी उचलून भुकटी करायचं ठरवलंय, ही बातमी सगळ्यांनी वाचलीय. ते दूध कुठल्या तालुक्यातून उचलतात याची चौकशी रोज होते. "पेंडीचं पोतं मातूर एक रुपयानं उतरलं न्हाय," एक आप्पा चिठ्ठीची सुरळी करून कानात घालतात.

मार्गासनीला राजगडाचा फाटा फुटतो, तिथं शुकशुकाट. विंझर ओलांडलं की समोर तोरणा अंगावर येतो. खाचरं उघडी पडलीत. कुठं कुठं राब भाजून झालेत, काळे चौकोन दिसतात. एका खाचरात एक बाई शेण, पालापाचोळा आणि तोडलेल्या कवळांचे थर देतेय. शेजारी पॅन्ट-टीशर्टातला एक जण काठीनं उगाच ढोसत उभा आहे. त्याच्या डाव्या हाताच्या पाठीवर शिक्क्याची पुसट निळी खूण. चौदा दिवस भरलेला दिसतोय.

गावाच्या तोंडाशी मार्चमध्ये करवंदीच्या काट्या आडव्या टाकल्या होत्या, त्या आता बाजूला ओढल्यात. पाटी अजून आहे: "बाहेरच्यांना प्रवेश बंध". 'बंध'चं 'बंद' करायला मी दोनदा खडू घेऊन उभा राहिलो आणि दोन्ही वेळा राहू दिलं. खरा घोळ 'बाहेरच्यां'पाशी आहे. पाटीमागं देऊळ, देवळाच्या भिंतीवर देणगीदारांची संगमरवरी फरशी. पंचवीस नावांतली एकोणीस मुंबईकरांची. कळस त्यांचा, सभामंडप त्यांचा, पाण्याची टाकीही त्यांचीच. चैत्रातल्या यात्रेला ही मंडळी टॅक्स्या करून येतात, फेटे बांधतात, पालखीला खांदा देतात आणि तिसऱ्या दिवशी तांदळाची पोती टपावर टाकून परत जातात. यंदा यात्रा झाली नाही. गुरवानं एकट्यानं देवाला पाणी घातलं. आणि यात्रेला न आलेले मुंबईकर आता येतायत, कुणी पास काढून, कुणी भाजीच्या टेंपोत, एक जण तर म्हणे पनवेलपासून निम्मा पायी.

वेल्हे हा पुणे जिल्ह्यातला सगळ्यात कमी वस्तीचा तालुका. 2011 च्या जनगणनेत 55 हजारांच्या आत माणसं. पाऊस दांडगा, जमीन उताराची, पीक एक भाताचं. म्हणून घरटी एक तरी माणूस मुंबईला, हे इथलं जुनं गणित. भोरच्या पश्चिमेकडच्या खोऱ्यांतही तेच. मुलांना उदाहरणं घालताना मी 'बाबा मुंबईहून दरमहा 3000 रुपये पाठवतात' अशी सुरुवात करतो आणि कुणालाही त्यात नवल वाटत नाही. यंदा पैसे आले नाहीत, पाठवणारेच आले.

साडेनवाला रेशनचं दुकान उघडतं. चुन्याचे गोल मी कालच नव्यानं आखलेत. पहिल्या दिवशी लोक गोलात उभे राहिले, दुसऱ्या दिवशी गोलात पिशव्या ठेवल्या, आज एका गोलात चप्पल, एकात दगड, एकात कोंबडी झाकायचं खुराडं आहे. खुराड्याचा मालक पारावर तंबाखू मळतोय. मी काही बोलत नाही. गोल भरलेले आहेत आणि माणसं लांब आहेत. आदेशात याहून जास्त काही मागितलेलं नाही.

मशीनवर आता गिऱ्हाइकाचा अंगठा घेत नाहीत, संसर्ग नको म्हणून. दुकानदार प्रत्येकासाठी स्वतःचाच अंगठा लावतो. "गुरुजी, ह्या अंगठ्यावर आता अक्खा गाव जेवतोय," तो बोट वर करून दाखवतो. एप्रिलपासून तीन महिने माणशी 5 किलो तांदूळ फुकट आणि घरटी किलोभर डाळ, केंद्राची. अंत्योदयाचं नेहमीचं धान्य वेगळं. केशरी कार्डाला राज्यानं मे-जूनपुरतं माणशी 3 किलो गहू आठ रुपयांनी आणि 2 किलो तांदूळ बारानं लावलाय. फळ्यावर हे सगळं मी वळणदार अक्षरात लिहिलंय. वाचत कुणी नाही, सगळे तोंडानंच विचारतात.

खरी भानगड नावांची आहे. रांगेतल्या एका भावजींचा लेक, सून आणि दोन नातवंडं घाटकोपरहून आलीत. त्यांची नावं गावच्या कार्डावरून कमी होऊन दहा वर्षं झाली. मुंबईचं कार्ड मुंबईच्या खोलीत, खोलीला कुलूप, इमारत सील.

"खाणारी तोंडं सात," भावजी म्हणतात, "कार्डावं तीन."

"नियम..." मी सुरू करतो.

"नियम ऱ्हाऊ द्या वो. पोटं तर हितंच आलीती."

दुकानदार तराजूकडं बघतो, मी फळ्याकडं. मागच्या गोलातली म्हातारी आत्या तडकते, "आवो, वतू का घरात यवढं इंद्रायणीचं भात हाय की कणगीत! पाव्हण्यांनी न्हेलं न्हाय यंदा, तसंच हाय. खावा तेच." रांग हसते. भातवाल्या गावानं तांदळासाठी रांग लावावी यातली गंमत तिला आधीच कळलेली आहे. स्वतः मात्र ती पाच किलो सोडणार नाही. वासाचा तांदूळ विकायचा, फुकटचा खायचा, हा तिचा हिशेब आहे. विकणार कुणाला, तेवढं विचारू नये.

साडेअकराला आशाताई येते. तोंडाला ओढणी, हातात शंभर पानी वही. रोज घरोघर जाऊन ताप, खोकला, मुंबई, पुणे असे रकाने भरते. या कामाचे महिन्याला हजार रुपये जास्तीचे कबूल झालेत. तापमापक एकच, तोही काखेत धरायचा, म्हणून ती हल्ली लावतच नाही. कपाळाला आरपार बघितल्यासारखं बघते आणि लिहिते. "एवढ्या वर्षांत कळतंय की माझ्या मला," म्हणते. सुरुवातीला लोक हिच्यासमोर दार लावायचे. आता रात्री अकराला फोन करतात, शेजारी कोण उतरलं ते सांगायला.

तिच्याबरोबर मी पारापर्यंत जातो. पारावर नव्वदीतले एक आजोबा आहेत, ते या साथीला साथ मानायला तयार नाहीत. "मानमोडी आली तवा," ते सुरू करतात. ती 1918 ची, त्यांच्या जन्माआधीची, आईनं सांगितलेली. मान टाकली की माणूस गेला, जाळायला लाकूड पुरेना, लोक माळावर खोपटी करून राहिले, मरीआईचा गाडा शिवेबाहेर लोटला. "त्या बारीला सायेब न्हवता यवढं इचारणारा," आजोबा आशाताईच्या वहीकडं बोट करतात, "आन् तांदूळ बी न्हवतं." मग जरा थांबून, "पर मानसं घरात दडून बसली न्हवती. माळावं बसल्याली. मोकळी." यातलं कौतुक कशाचं आणि तक्रार कशाची, मला अजून उलगडलेलं नाही.

विहिरीवर हंड्यांची रांग आहे, चुन्याच्या गोलांशिवाय. पावसाळ्यात इथं चार दिवस पावसाची झड उघडत नाही आणि मे महिन्यात कळशी बुडत नाही. घरात चार माणसं वाढली की चार हंडे वाढतात आणि ते आणायचे घरच्या बाईनं. पाण्याचा हा जास्तीचा भार कुठल्याच रकान्यात बसत नाही. मुंबईच्या नळाची सवय झालेली एक सून दोराशी झटतेय. सासू वरून सूचना देतेय, दोघी घामाघूम. मास्क दोघींच्या गळ्यात.

दुपारी शाळेत. दोन खोल्यांची माझी शाळा, पुढं ओटा. आत अकरा जण. शिक्के ताजे, जांभळे, खाली तारीख. बाकं भिंतीला लावून सतरंज्या टाकल्यात. तिसरीच्या तक्त्याखाली वाशीच्या मार्केटचा माथाडी कामगार पाय लांब करून पडलाय. बावीस वर्षं पाठीवर गोणी वाहिलीय. वाशीत रुग्ण वाढत गेले तसं बाजार समितीनं 11 तारखेपासून 17 पर्यंत मार्केट बंद ठेवलं आणि हा दुसऱ्या दिवशी निघाला. बंद सात दिवसांचा, इथले दिवस चौदा. "बेरीज तुमची, गुरुजी," तो म्हणतो. बाकीच्यांत दोन हॉटेलातली पोरं, एक टॅक्सीवाला, साकीनाक्याला वेल्डिंग करणारे दोन सख्खे भाऊ. सहा जण माझ्याच हाताखालून गेलेत. खिडकीतून बोलताना मला अजून हजेरी घेतल्यासारखं वाटतं.

रोजगार सेवक जॉबकार्डाचे अर्ज घेऊन खिडकीशी आलाय. रोजगार हमी म्हणजे आपल्या महाराष्ट्राचीच देणगी. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या हातांनी देशाला ही योजना दिली. एप्रिलपासून मजुरी 206 ची 238 झालीय. माथाडी आकडा ऐकतो, पाय आखडून घेतो.

"दिवसाचं?"

"दिवसाचं."

"आन् पैसं कवा?"

"खात्यावर. पंधरा दिवसांत यायला पाहिजेत."

"यायला पाहिजेत," तो माझ्याकडं बघून म्हणतो. व्याकरणात याला विध्यर्थ म्हणतात. अर्ज मात्र तो भरतो. सगळेच भरतात. वेल्डरांतला धाकटा 'कामाचा अनुभव' असा रकाना शोधतोय, अर्जात तो नाही.

चार वाजता एकाच मोबाईलभोवती सगळे गोळा होतात. अंतराचं मी खिडकीतून ओरडतो, ते मान हलवतात आणि हलत नाहीत. परवा मंगळवारी रात्री पंतप्रधानांनी 20 लाख कोटींचं पॅकेज जाहीर केलं, कालपासून अर्थमंत्री रोज त्यातला एकेक भाग उलगडून सांगतायत. टॅक्सीवाल्याला पडलेला प्रश्न साधा आहे: वीस लाख कोटी म्हणजे विसावर किती शून्यं? मी त्याला फळ्याकडं पाठवतो. तो पाच काढतो, थांबतो, पुसतो. मी बाहेरून सांगतो, लाखाची पाच, कोटीची सात. विसापुढं बारा शून्यं फळ्याच्या टोकाला जाऊन भिडतात; शेवटचं जरा दबकं येतं. पाचवीत याचं गणित पक्कं होतं, अक्षर तेवढं खराब.

मोबाईलमधून आज स्थलांतरित मजुरांचा भाग चाललाय. ज्यांच्याकडं कार्ड नाही त्यांना दोन महिने माणशी 5 किलो धान्य, कुटुंबाला किलोभर चणा. पुढं केव्हातरी देशभर एकच रेशनकार्ड. मला सकाळचे भावजी आठवतात. सात तोंडं, तीन नावं. उद्या त्यांना सांगता येईल. पण घोषणा आज झाली म्हणजे आमच्या दुकानदाराच्या मशीनमध्ये ती कधी उतरेल, हा जरा वेगळा विषय आहे.

"गुरुजी," माथाडी आतून विचारतो, "आमी आपल्याच गावात. मंग आमी स्थलांतरित का?"

मुंबईत होतास तेव्हा होतास, असं उत्तर तोंडावर येतं. मग पाटीवरचे 'बाहेरचे' आठवतात. मी म्हणतो, "तहसीलला विचारतो." शिक्षकाला उत्तर येत नाही तेव्हा तो गृहपाठ देतो, त्यातलाच हा प्रकार.

पाच वाजता डबे येतात. ज्याच्या त्याच्या घरून. शाळेच्या ओट्याच्या कडेला एक सपाट दगड आहे, त्यावर डबा ठेवायचा, आठ पावलं मागं सरायचं, हाक मारायची, मग आतला येऊन उचलणार. अशी पद्धत पडून गेलीय, कुणी ठरवलेली नाही. बायका पांगून उभ्या राहतात आणि जेवण कमी-जास्त झाल्याची चौकशी गावभर ऐकू जाईल अशा आवाजात होते. "कालवण खारट झालं का रं?" "न्हाय, बरं व्हतं." एकांतातलं सगळं बोलणं सार्वजनिक झालंय. वेल्डरच्या नव्या बायकोला हे जमत नाही. ती डबा ठेवते, मागं सरते आणि नुसती उभी राहते. तोही नुसता उभा.

अडचण वेगळीच उभी राहिलीय. आत गेलेलं भांडं बाहेर न्यायचं नाही, असं पहिल्या दिवशी मीच सांगितलं होतं, भीतीपोटी. त्यामुळे घासूनपुसून पालथे घातलेले स्टीलचे डबे ओट्यावर वाढत चाललेत. काही जणांचा नववा दिवस, दोन वेळचं जेवण. ऊन तिरपं आलं की ओटा असा चमकतो की रस्त्यावरून बघवत नाही.

"गुरुजी, डबं तरी द्या की आता," माथाड्याची आई पुढं येते. सत्तरी ओलांडलेली, पाठीत वाकलेली. "आज म्या कढईत कालवण ठिवलंय आन् भाकरी फडक्यात. घरात भांडं म्हून उरलं न्हाय."

मी आदेश काढून वाचतो. सोडियम हायपोक्लोराइटची फवारणी आहे, हात धुणं आहे, नोंदवही दोन प्रतींत आहे. डब्यांचं काही नाही. आशाताई मागून येते, कागदाकडं न बघता म्हणते, "उकळत्या पाण्यात काढा नि न्या. बाळंतिणीचं नाही का उकळत आपण?" विषय मिटतो. तीन दगडांची चूल मांडली जाते, पातेलं चढतं. अकरा जणांचे डबे एकाच आधणात आणि मग कुठला कुणाचा यावरून जे काही सुरू होतं, ते झाकणावरची नावं वाचून मिटवायचं काम शेवटी माझ्याकडंच येतं.

माथाड्याची आई आपले डबे पदरात बांधते. मग आजचं फडकं दगडावर ठेवते, आठ पावलं मागं जाते. तो येतो, फडकं सोडतो. भाकरीच्या घडीत प्लास्टिकची पिशवी, पिशवीत शंभराची नोट. जनधनच्या खात्यावर बायकांना महिन्याला 500 रुपये येतायत. खात्याच्या शेवटच्या आकड्यावरून दिवस ठरवून दिलेत, त्या दिवशी ती चालत जाऊन रांगेत उभी राहून आली होती.

"कशाला गं आये?"

"फोनला टाक. पोरीसंगं बोलत न्हाईस दोन दीस झालं."

तो नोट दोन बोटांत धरून उभा राहतो. बावीस वर्षं याच्या हातून पैसे या बाजूला आलेत. खिशात तो नोट घालत नाही. हल्ली नोटेलाही लोक भितात. ओट्याच्या कडेला, डब्यांच्या जागी, उन्हात तो ती पसरून ठेवतो आणि वर खडा ठेवतो.

"गुरुजी, रिचार्जचं दुकान उघडं असंल का वो?"

"दोनलाच बंद झालं."

"मंग ऱ्हाऊ द्या. वाळंल तंवर."